तोगायच्या नावाचा दगड

मी खिंडीतल्या ढिगातला एक जुना दगड आहे, मित्रांनो. दगडाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. माझं आयुष्य सुरू झालं ते एका आईच्या हातात.

तिचं नाव अयदान. लंगड्या अमीराची फौज पश्चिमेला निघाली होती. खिंड ओलांडताना प्रत्येक स्वाराने एक दगड टाकायचा आणि परतताना आपला उचलायचा, असा त्याचा नियम. मागे उरतील तेवढे मेले. अयदानने मला ओढ्यातून निवडलं आणि मुलाला, तोगायला, ओळखू यावं म्हणून मेंढीची चरबी चोळचोळून काळसर केलं.

"आई, पुरे गं! लढाईला चाललोय, दगडाला सासरी नाही धाडायचंय," तोगाय म्हणाला.

त्याचा दोस्त बरकूत, त्यांच्या दहा स्वारांचा नायक, खो खो हसला. अयदान हसली नाही. ती मला चोळतच राहिली.

दोन हिवाळे गेले. मग नगारे ऐकू आले. लुटीच्या उंटांची रांग संपता संपेना, पण दगड उचलणारे हात फार थोडे होते. आजूबाजूचे काही दगड गेले. माझ्याकडे कुणीच वाकलं नाही. पहारेकऱ्याची पाठ वळताच अयदानने मला झग्यात लपवून घरी नेलं. ढिगात दगड नाही म्हणजे मुलगा मेला नाही, अशी वेडी समजूत तिने करून घेतली होती. तंबूत चुलीपाशी ठेवून रोज सकाळी ती माझ्यावर घोडीचं दूध शिंपडायची. इतके लाड माझे कधीच झाले नव्हते. तरी मला भीती वाटे. ढिगातली माझी रिकामी जागा कुणाच्या तरी लक्षात येणारच होती.

आठव्या दिवशी बरकूत आला आणि दाराशीच उभा राहिला.

"मावशी, दगड दे."

"कसला दगड?"

"हजेरीला न आलेल्यांपेक्षा एक दगड कमी भरलाय. कारकून म्हणतात, कुणीतरी जिवंत परतून लपून बसलाय. पळपुटा निघाला, तर त्याच्या दहांतल्या सगळ्यांच्या माना उडवतात. आम्ही चौघंच उरलोय गं."

"तू त्याला पडताना पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग आठ दिवस कुठे मेला होतास?"

"तुझ्या दारात यायची हिंमत होईना," बरकूत रडत म्हणाला.

अयदान बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. मग तिने त्याला जेवू घातलं आणि मला स्वतः उचलून खिंडीत नेलं. ढिगावर ठेवताना ती पहिल्यांदा म्हणाली, "माझा तोगाय मेला." मी दगड, पण मलाही ते सोसलं नाही.

चौघे वाचले. वसंतात मात्र पुन्हा नगारे वाजले. बरकूतला आई नव्हती. त्याच्या दगडाला चरबी अयदानने चोळली.

आता तो अमीर नाही, त्याची फौजही नाही. तुमच्यासारखे लोक येतात, ढिगासमोर फोटो काढतात, आठवण म्हणून एखादा दगड पिशवीत टाकतात. मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. इथला प्रत्येक दगड उचलायचा हक्क फक्त एकाचाच होता. माझ्या शेजारी आणखी एक काळसर दगड आहे. त्याला हात लावू नका. तो बरकूतचा आहे.