मुठीतलं पोटॅशियम

आमचे हे, म्हंजे महादेवराव, कारंज्यात हार्डवेअरचं दुकान चालवतेत. सिमेंटची थैली एकटे उचलतीन, पन सुई दिसली का चेहरा पांढराफट्ट. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत माधव डॉक्टरनं बीपीची नवी गोळी द्याची म्हनून आधी रक्तातलं पोटॅशियम मोजून आनाले सांगतलं. हे बाजूच्या लॅबमंदी गेले, मी बाहेर बाकावर बसली. संध्याकायी रिपोर्ट पाहून डॉक्टरनं चष्मा काढला अन् पुसाले लागला. डॉक्टर चष्मा पुसाले लागला का समजाचं, काही खरं नाई.

"सहा पूर्णांक आठ आलंय," डॉक्टर म्हनले. "पाचच्या आत हवं. एवढं वाढलं तर हृदय कधीही थांबू शकतं, सुलोचनाबाई."

माह्या तोंडचं पानीच पयालं. अन् हे काय म्हनाले? "डॉक्टरसाहेब, मले तर भूक लागली."

लगेच छातीची पट्टी, म्हंजे ईसीजी, काढली, ते एकदम चांगली निघाली. डॉक्टर म्हनले, दोन दिवसानं रक्त पुन्हा तपासू, तवरिक संत्री, केयी, टमाटे, आलू, नारळपानी सारं बंद. आता सांगा, कारंज्यात संत्र्याच्या दिवसात संत्री बंद कशी करता? मानूस बिमार आहे हे कयलं का जो येते तो थैलीभर संत्री घेऊनच येते. शेजारचा बाबाराव तर संत्रीही घेऊन आला अन् नारळही. म्या दारातूनच म्हटलं, "भाऊजी, आमच्या मानसाले माराचं आहे का तुमाले?" बिचारा चहा न घेताच गेला. आता तो मले पाहून रस्ता बदलते, बदलू दे.

अन् यायले मी काय खाऊ घातलं? पाण्यात उकडलेली दुधी. दोन दिवस. हे म्हनत, "पोटॅशियमनं नाई, मी या दुधीनंच मरतो." मी मोरीत जाऊन रडून आली अन् पुन्हा दुधीच वाढली.

दुसरा रिपोर्ट आला, सहा पूर्णांक सहा. डॉक्टर म्हनले, "उद्या नागपूरला दाखल करू. निघायच्या आधी सकाळी आणखी एकदा रक्त देऊन जा."

सकायी म्या थैली भरली. टॉवेल, चादर, यायची दाढीची पेटी. लॅबमंदी गेल्यावर या खेपेले बाकावर बसली नाई, सरळ यायच्या संगं आत घुसली. लॅबवाली अंजू यायच्या दंडाले रबर बांधत होती. मले वाटलं, या मानसाचं काही झालं तं मी भांडू कोनासंगं? लाजशरम सोडली अन् यायचा हात धराले गेली, तं मुठीत प्लास्टिकची पन्नी! खर्र्याची पन्नी! सुपारी, तंबाखू, चुना, सारं टाकून हे मुठीनं घोटून राह्यले होते.

"अवो! जीवावर बेतलं अन् तुमी खर्रा घोटता?"

"सुईचं भेव वाटते वं," हे हळूच म्हनले. "घोटत बसलो का मन दुसरीकडे राह्यते."

अंजू म्हने, "राहू द्या ना काकू, काका दर खेपेला घोटतात. शीर कशी मस्त फुगते!"

तयपायाची आग मस्तकात गेली माह्या. पन्नी हिसकली, कमरेले खोचली अन् यायचा पंजा सपाट करून दोन्ही हातायनं दाबून धरला. सुई टोचली तवा यायनं डोये मिटले. म्याही मिटले.

रिपोर्ट आला, चार पूर्णांक तीन.

डॉक्टर रिपोर्ट पाह्यते, मग मले पाह्यते. "एका रात्रीत काय बदललं?" म्या कमरेची पन्नी काढून टेबलावर आपटली अन् सारं सांगतलं. डॉक्टर खुर्चीत मागं पडून हासाले लागले. "अहो, दंडाला रबर बांधून मूठ अशी आवळत-सोडत राहिलं की हाताच्या स्नायूंतलं पोटॅशियम तिथल्याच रक्तात उतरतं. ते वाढलं होतं फक्त या हातात. अंगात नव्हतंच. घरी जा!"

माहा जीव भांड्यात पडला. हासूही येऊन राह्यलं होतं, रडूही, अन् यायले दोन ठेवून द्याव्या असंही वाटत होतं. हे तर खुशीत उठले, अन् हात घातला सरळ टेबलावरच्या पन्नीवर.

डॉक्टरचं हासनं थांबलं. "महादेवराव, पोटॅशियमनं तुम्ही मरणार नव्हतात. याच्यानं मात्र मराल."

यायचा हात पन्नीवर तसाच राह्यला. मी उठली अन् तो हात धरला, मघाशी धरला होता त्याहून घट्ट.

"सोड नं वं, लोकं पाहून राह्यले," हे म्हनले.

"पाहू द्या," म्या म्हटलं. "मी नाई सोडत."