विवरातली हाडं

"सोड, पण हळू!" वुरिसुआ ओरडली आणि तिचे पाय विवराच्या काठावरून सुटले.

वर दोर धरून तिचा धाकटा भाऊ त्सिवेरी उभा होता. जुन्या हाडांच्या उत्खननाच्या तळावर वुरिसुआचं काम स्वयंपाकाचं. पण खाली उतरणारा गडी तापानं फणफणला होता, विवराचं तोंड अरुंद होतं आणि त्यातून जाईल अशी सडपातळ तीच होती. पावसाविना दुसरं वर्ष चाललं होतं. खाली उतरणाऱ्याला आठवड्याअखेर तांदूळ जास्त मिळत, म्हणून ती हो म्हणाली होती.

लहानपणी आई सांगायची, या विवरात वासराएवढं काहीतरी राहतं. त्याचे कान माणसासारखे. ते आपल्या नावानं हाक मारतं. ओ दिली की संपलं.

पाय टेकले. तिनं डोक्यावरचा दिवा वळवला आणि मातीतून दातांची रांग तिच्याकडे पाहू लागली. तिची किंकाळी भिंतींवर आपटून परत आली.

"काय गं ताई, नावानं हाक मारली की काय?" वरून त्सिवेरी हसला. "ओ देऊ नकोस हं!"

तिला हसू आलं नाही. ओठ घट्ट मिटून तिनं हाडं पोत्यात भरली.

तळाच्या प्रमुख हारिवुलाबाई राजधानीतल्या, आयुष्यभर अशीच हाडं शोधत आलेल्या. पोतं वर आल्यावर त्यातलं दंडाचं एक लांब हाड त्यांनी ब्रशनं साफ केलं आणि कोपराजवळ बोट ठेवलं. तिथं आडव्या, बारीक रेघा होत्या.

"भूतबित नाही गं. माकडासारखा लेमूरच, झाडावरच्या आपल्या सिफाकाचा भाऊबंद, पण वासराएवढा. आता एकही उरला नाही. हे सुरीचे घाव आहेत. सांध्यातून हात वेगळा केलाय."

"कुणी?"

"माणसांनी. हजारएक वर्षांपूर्वी, आपल्यासारख्याच."

"सगळे त्यांनीच मारले?"

"जंगल जळालं, दुष्काळ पडले, तेही असेल. पण यांना एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांनी. दर हंगामात थोडे मारले तरी पुरे. शेवटचा ज्यानं मारला, त्याला तो शेवटचा आहे हे कळलंसुद्धा नसेल."

"मांस मात्र भरपूर निघालं असेल," त्सिवेरी म्हणाला. सगळे हसले. वुरिसुआ आपल्या हातांकडे बघत राहिली. काल याच हातांनी तिनं तळासाठी बकरी कापली होती, अशीच, सांध्यातून. विवरातल्या त्या दातांनीही तिला इतकं घाबरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा अंगणात पांढरा सिफाका पडला होता, हातपाय दोरीनं बांधलेला. पोटाला पिल्लू चिकटलेलं. त्सिवेरी दगडावर सुरी घासत होता.

"अरे, हा खायचा नाही! पूर्वजांची आण आहे."

"पूर्वजांनी पाऊस पाठवावा, मग आण पाळू. पोरींची तोंडं बघ."

तिच्या दोघी मुली चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं तिचं धाडस झालं नाही. त्सिवेरीच्या हातातल्या सुरीची भीती वाटत होती, उपाशी रात्रीची वाटत होती. तरी ती खाली बसली आणि गाठ सोडू लागली. बोटं ऐकेनात, शेवटी दातांनी सोडली.

"ताई! वेड लागलंय का?"

मादी क्षणभर तशीच पडून राहिली. मग उठली आणि पिल्लासकट कुंपणावरून उडी मारून काटेरी झाडीत दिसेनाशी झाली.

"पोरी रडल्या की शिजव आता तुझी ती हाडं!" त्सिवेरीनं सुरी मातीत आपटली आणि तो निघून गेला.

वुरिसुआनं निवडुंगाची फळं आणली. वाळूत घोळून काटे काढले, सोलली, मुलींपुढे ठेवली. त्या खाऊ लागल्या. ओठ लालभडक झाले.

"आई," धाकटी म्हणाली, "ती परत येईल आपल्याकडे?"

"नको यायला," वुरिसुआ म्हणाली आणि पुढचं फळ सोलायला घेतलं.