अवोकाडोच्या झाडाला टांगलेली रिंग

मित्रांनो, ऊस वाहणाऱ्या एका लॉरीच्या चाकाची मी लोखंडी रिंग. लॉरी खिळखिळी झाली, तेव्हा आमच्या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनी मला उचललं आणि चर्चसमोरच्या अवोकाडोच्या झाडाला साखळीनं टांगलं. ही माणसं एकमेकांना मित्रच म्हणतात. हत्यार हाती धरत नाहीत. प्रार्थनेला बोलवायला रसोआ नावाची बाई मला गजानं वाजवी. एक ठोका, मग दम, मग दुसरा. ओढ्यापलीकडे दुसऱ्या जमातीचे लोक राहत. तेही माझ्या आवाजावर दूध काढायला बसत. "तुमचं चाक आमच्या गायींनाही कळतं," असं पलीकडची जेप्केंबोई रसोआला चिडवी.

मग निवडणूक झाली आणि दोन्ही जमातींत भांडणं पेटली. एका दुपारी आमच्याच काही पोरांनी रसोआच्या हातातून गज हिसकावला. मला सलग बडवून त्यांनी जमाव गोळा केला, ओढा ओलांडला आणि घरं जाळली. जेप्केंबोईचंही जळलं.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. साखळी गंजली. कुंभारमाशीनं माझ्यात मातीचं घर केलं.

पुढच्या वर्षी मंडळींनी शांततेसाठी आणि सलोख्यासाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. मुडाकी नावाचे वडीलधारे म्हणाले, "रिंग वाजवायची नाही. पायी जाऊन बोलवायचं." सगळे घरोघरी फिरले. पलीकडून कोणी नक्की काही सांगितलं नाही.

त्या सकाळी अर्धी बाकं पाहुण्यांसाठी रिकामी ठेवली होती. ती रिकामीच राहिली. रसोआ माझ्याजवळ उभी राहून वाट बघत होती. अखेर ओढ्यावर माणसं दिसली. पुढे जेप्केंबोई. पाहुणे दिसले की रिंग वाजवायची, ही इथली जुनी रीत. रसोआचा हात आपोआप गजाकडे गेला.

ठण्ण!

ओढ्यावरची माणसं थिजली. बायका मुलांना घेऊन मागे पळाल्या. पुरुषांनी खांद्यावरची धनुष्यं ताणली.

"आता आपली घरं जळणार," चर्चमध्ये कोणीतरी पुटपुटलं. एक जण कोयता आणायला उठला.

"बस खाली!" मुडाकी म्हणाले. "त्यांना आपले हात दिसू देत. रिकामे."

सगळे बाहेर आले आणि तळवे उघडे ठेवून गवतात बसले. मी अजून थरथरत होते.

जेप्केंबोई एकटीच वर चढून आली.

"कोणी बडवलं?"

"मी," रसोआ म्हणाली. "तू दिसलीस आणि हात आवरला नाही गं."

"हात आवरला नाही म्हणे! इथं माझा जीव जायचा राहिला."

"मार मला हवं तर."

"तुझ्यात मारायला उरलंय काय? सरक."

तिनं माझ्यावर तळवा ठेवला. माझी थरथर थांबली. मग तिनं गज उचलला. गवतातल्या माणसांनी माना खाली घातल्या. तिनं ठोका दिला, दम घेतला, मग दुसरा दिला. दूध काढायच्या वेळेसारखा.

ओढ्यावर एक धनुष्य खाली आलं. मग दुसरं. सगळे काही आले नाहीत, पण बाकांवर माणसं बसली.

आता रसोआ गज हातात घेऊन जेप्केंबोईची वाट बघते आणि दोघी मिळून मला वाजवतात. जेप्केंबोईला नेहमी उशीर होतो, म्हणून प्रार्थनाही उशिरा सुरू होते. कोणी कुरकुरत नाही.

मित्रांनो, माझा गंज अधूनमधून घासत जा. आणि गज उचलाल तेव्हा ओढ्यापलीकडेही कोणीतरी ऐकतंय, एवढं ध्यानात ठेवा.