एका मुलामागे एक नंबर

माझ्या बायकोचा, पूर्णिमाचा फोन मी अजून चार्ज करतो. उत्कर्षाच्या शाळेचे निरोप त्याच्यावरच येतात. ग्रुपचं नाव 'दुसरी ब, आई'. पूर्णिमा गेल्यावर मला त्यात घ्या म्हणून सांगून पाहिलं. बायकांना मोकळं बोलता येणार नाही, असं उत्तर आलं.

सोमवारी ग्रुपवर मतदान आलं. पुढच्या वर्षी वर्ग पूर्ण इंग्रजी करायचा का? हो किंवा नाही, संध्याकाळपर्यंत कळवा. उत्कर्षाला मराठी शाळेत घालायचं हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मी मार्केट यार्डात टेम्पो बाजूला घेतला आणि पूर्णिमाच्या फोनवरून 'नाही' दाबलं.

एका आईने लगेच लिहिलं, "हे कोणी दिलं? त्या तर गेल्या ना?"

दुसरीने लिहिलं, "अंगावर काटा आला."

"मी हिंमत, उत्कर्षाचा बाबा," मी लिहिलं. थोड्या वेळाने त्यांनी ग्रुपमधून पूर्णिमाचा नंबरच काढून टाकला.

तसाच नारायण पेठेत शाळेत गेलो. वर्गाच्या निकिता मॅडम वह्या तपासत होत्या.

"हिंमतराव, मयत व्यक्तीचं मत कसं धरणार?"

"मग माझं धरा. मी जिवंत आहे."

"तुम्ही ग्रुपमध्ये नाही."

"मग घ्या की."

"आयांचा ग्रुप आहे तो. घरात कोणी बाई नाही का? आत्या, मावशी? त्यांचा नंबर द्या."

"आत्या नगरला असते. मुलगी कितवीत आहे हेही तिला माहीत नाही. तिचं मत चालेल?"

"चालेल ना," मॅडम म्हणाल्या. चेष्टा करत नव्हत्या.

मी पहिल्या बाकावर बसलो. गुडघे मावत नव्हते.

"पूर्णिमाचा नंबर परत घाला. नाहीतर मी इथेच आहे."

"अहो, एका मुलामागे एकच नंबर असतो."

"तोच घाला. आता तो माझाच आहे."

मॅडमनी सुस्कारा सोडून फोन उचलला आणि नंबर परत घातला. माझ्या खिशात पूर्णिमाचा फोन वाजला. मी पुन्हा 'नाही' दाबलं.

संध्याकाळी निकाल आला. 'हो' जिंकलं. खाली टाळ्याच टाळ्या.

उत्कर्षा पोळी खाता खाता म्हणाली, "आपण काय दिलं?"

"नाही."

"आईने?"

"तेच."

आता मराठी शाळा शोधतोय. फी नंतर विचारतो. आधी विचारतो, ग्रुपमध्ये बापाला घेता का.