खिडकीतले चार पेले

पाण्यातले क्षार मोजायच्या मीटरवर दोनशे दहा हा आकडा उमटला तेव्हा तिने आधी मीटरवरच संशय घेतला. टोक पुसलं, डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत बुडवलं. दोन. पुन्हा ट्रेमध्ये बुडवलं. दोनशे बारा.



त्या ट्रेमध्ये तळहाताएवढी एक कुंडी उभी होती, आणि एका पाणथळीचं जे काही या जगात उरलं होतं ते सगळं त्या कुंडीत होतं. दवबिंदूची एकतीस रोपं. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. पानांवर चिकट थेंब येतात आणि त्यात किडे अडकतात, ते झाड. पण ही अजून टाचणीच्या डोक्याएवढीच होती. पाणथळ बुजवून तिथे ट्रकांचा तळ झाला त्याला चार वर्षं झाली. त्याआधी मॅडमनी तिथून बी गोळा करून ठेवलं होतं. मॅडम म्हणजे वनस्पती उद्यानातल्या तिच्या वरिष्ठ, एम.एस्सी. झाल्यावर ती त्यांच्याच हाताखाली लागली होती. अर्धं बी उद्यानाच्या काचघरात पेरलं, ते बुरशीने खाल्लं. उरलेलं अर्धं मॅडमनी कागदाच्या पुडीत तिच्या हातावर ठेवलं. "काचघर दुरुस्त होईपर्यंत घरी वाढव. तीन महिन्यांनी मी न्यायला येईन. निदान दहा तरी धडधाकट हवीत. दहाच्या खाली गेली, तर पुढे बी धरण्यात अर्थ नाही."

बी कसलं, काळी पूडच ती. श्वास जरा जोरात सोडला असता तर अख्खी पाणथळ गालिच्यात गेली असती. तिने ते दुमडलेल्या कागदावरून बोटाने टिचक्या मारत, पीट म्हणजे कुजलेल्या शेवाळाची माती आणि वाळू यांच्या मिश्रणावर सांडलं आणि वर काही झाकलं नाही, कारण या बीला रुजायला उजेड लागतो. मग सदतीस दिवस कुंडीत काहीच दिसलं नाही.

"कुंडी रिकामी आणि पहारा मात्र राजवाड्याचा," आई म्हणायची. आई घरीच शिवणकाम करायची, आणि बाल्कनीशेजारच्या तिच्या मशीनवरून कुंडीवर तिची सतत नजर असायची. "तुझी मांसाहारी बाळं उठली का गं?"

बाळं उठली अडतिसाव्या दिवशी. त्याच दिवशी तिने बाल्कनीच्या काचेवर कागद चिकटवला : या कुंडीला कोणीही हात लावू नये. पाणी फक्त मी घालीन.

तो कागद बाबांना लागला होता. बाबा एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाउसवर होते, मागच्याच वर्षी निवृत्त झाले. "माझं पाणी अख्खं गाव पितं," ते म्हणाले होते, "आणि तुझ्या गवताला चालत नाही?"

"गवत नाही बाबा. हे झाड जिथे पाण्यात काहीच नसतं तिथे वाढतं, म्हणून तर किडे खातं. नळाच्या पाण्यातले क्षार त्याची मुळं जाळतात."

"आमच्या पाण्यातले क्षार माणसाची हाडं धरून ठेवतात," बाबा म्हणाले आणि आपला पेला भरायला गेले. ही त्यांची सवय. रोज संध्याकाळी नळाचं पाणी पेल्यात भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचं आणि सकाळी उजेडाकडे धरून बघायचं. फिल्टर हाउस सुटलं तरी नमुना सुटला नव्हता.

आणि आता ट्रेमध्ये दोनशे दहा. गेले आठ दिवस ती उद्यानाच्या मोजणीसाठी सकाळी सातला बाहेर पडत होती आणि अंधार पडल्यावर परतत होती. बाटलीतलं पाणी घाईने ट्रेमध्ये ओतायची, मीटर लावायची नाही. आज लवकर आली तर रोपांच्या कडा तपकिरी झालेल्या. एकाही पानावर थेंब नव्हता.

नळाचं पाणी दोनशे तीस असतं, हे तिला तोंडपाठ होतं. बाबांनीच शिकवलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. बाबा वाटाणे सोलत बसले होते.

"बाबा, तुम्ही ट्रेमध्ये पाणी घातलंत?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. मंगळवारी मला उशीर झाला होता. ट्रे कोरडा दिसला असेल."

"आठवायचं काय त्यात? नाही घातलं."

"मग दोनशे दहा कुठून आलं? आपोआप येत नाही ते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही विचारत. मला फक्त कळायला हवं किती घातलं ते."

शिवणमशीन थांबलं. बाबांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाडग्यात टाकले.

"रोपांच्या नोंदवहीत लिहायचं असेल ना तुला?" ते म्हणाले. "लिही. बाबाने घातलं म्हणून लिही."

हे रागाने म्हटलेलं आहे एवढं तिला कळत होतं. तरी तिने लिहिलं. तारीख, वेळ, आकडा, आणि पुढे : ट्रेमध्ये नळाचं पाणी मिसळलं – बाबा.

"शाबास," आई दारातून म्हणाली. "ज्या माणसाने एकतीस वर्षं गावाला पाणी पाजलं, त्याला तू विष घालणारा ठरवलंस. तेही वाटाणे सोलताना."

ती बाल्कनीत गेली. ट्रे रिकामा केला, डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुतला, नवं पाणी भरलं. मीटर : चार. मग कुंडी उचलून आपल्या खोलीत नेली आणि दाराला आतून कडी लावली. आपण कोणाविरुद्ध कडी लावतो आहोत हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

सकाळी डोळे उघडल्याबरोबर तिने मीटर बुडवलं.

एकशे अठरा.

ती तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिली. दाराला कडी होती. खिडकी बंद होती. खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

स्वयंपाकघरात बाबा पाठमोरे उभे होते. खिडकीत रोज एक पेला असायचा. आज चार होते. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, बाबांच्या त्या ठसठशीत सरकारी अक्षरात. एक : मुलीचं पाणी. दोन : मुलीचं पाणी, माती. तीन : मुलीचं पाणी, वाळू. चार : तिन्ही.

"तुझ्या पिशव्यांतून चमचा चमचा घेतलं," बाबा वळून न बघता म्हणाले. "कुंडीला हात नाही लावला. मीटर आण."

तिने पहिल्या पेल्यात मीटर धरलं. तीन. दुसऱ्यात, पीटच्या तपकिरी पाण्यात, चौदा. तिसऱ्यात एकवीस.

चौथ्यात आकडे चढतच राहिले. साठ, नव्वद, एकशे तीस. एकशे चौसष्टवर थांबले.

"वाळू कुठून आणलीस?"

"फिशटँकच्या दुकानातून." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. साखरेसारखी पांढरीशुभ्र वाळू होती ती. दुकानातली सगळ्यांत स्वच्छ म्हणून तिने निवडली होती. "सात वेळा धुतली बाबा. शेवटच्या पाण्याचं रीडिंग घेतलं. तीन होतं. वहीत आहे."

"धुतल्या धुतल्या घेतलंस?"

"हो."

"आणि वाळू एकटीच होती."

त्यांनी बशीत चिमूटभर वाळू घेतली आणि वर व्हिनेगरचे दोन थेंब सोडले. वाळू फसफसली.

पुढचं समीकरण तिला झोपेतही लिहिता आलं असतं. ती वाळू नव्हतीच, शिंपल्यांचा चुरा होता, आणि शिंपले म्हणजे चुना. पीट म्हणजे आम्ल. साध्या पाण्यात चुरा गप्प पडून राहतो. आम्ल भेटलं की विरघळायला लागतो. तिने घरातल्या प्रत्येक माणसावर पहारा ठेवला होता आणि कुंडीत स्वतःच्या हाताने चुना कालवला होता. नळावर जायची कोणाला गरजच नव्हती. कुंडी स्वतःच नळाचं पाणी तयार करत होती.

"पाणी लगेच काही बोलत नाही," बाबा म्हणाले. "रात्रभर बसू द्यावं लागतं त्याला."

तिने मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आजच हलव," त्या म्हणाल्या. "उद्या नको. मुळं जळत असतील. आणि हे बघ, माझ्याकडे आता बी नाही."

पिशवीत वाडगाभर पीट उरलं होतं. बाबांनी ते धुऊन घेतलं, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून. आणि प्रत्येक वेळी थांबून मीटर लावलं. आईने पंखा बंद केला, मशीनचं टेबल उजेडात ओढलं, आणि आपल्या डबीतून सगळ्यांत बारीक सुई काढून दिली. "शिंक आली तर गिळा," तिने बजावलं. "या घरात आता कोणी शिंकायचं नाही."

ती भिंग लावून बसली. सुईचं मागचं टोक ओलं करायचं, रोपाखाली मातीच्या कणासकट सरकवायचं, उचलायचं, नव्या कुंडीत ठेवायचं. प्रयोगशाळेत याहून नाजूक कामं तिने केली होती.

पहिल्या रोपाचं मूळ तुटलं. केसाहून बारीक मूळ, तुटताना आवाजही झाला नाही. दुसरं सुईवरून उडालं आणि टेबलावर कुठे गेलं ते तिघांनाही सापडलं नाही. एकोणतीस. तिने सुई तिसऱ्याखाली नेली आणि भिंगातून तिला सुईचं टोक थरथरताना दिसलं, एखाद्या काठीएवढं मोठं.

"सरक," बाबा म्हणाले.

"बाबा, हे तुम्हाला..."

"पाण्याचा कठीणपणा रोज चार वेळा काढायचो मी. एक थेंब जास्त पडला की लाल रंगाचा एकदम निळा होतो आणि पहिल्यापासून सुरुवात. एकतीस वर्षं. सरक."

ती उठली. त्यांचे हात मोठे होते, बोटांची पेरं जाड, नखं चौकोनी. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, श्वास सोडला, आणि सोडलेल्या श्वासाच्या शेवटी सुई सरकवली. रोप उचललं गेलं. नव्या मातीवर टेकलं. सुई बाजूला झाली.

"एक," आई हळूच म्हणाली.

पावणेतीन तास लागले.  बाबा अधूनमधून मान न वळवता हात पुढे करायचे आणि ती त्या हातात ओला कापूस द्यायची. एकोणतिसावं रोप बसल्यावर त्यांनी सुई डबीत ठेवली, आणि मग मात्र चहाचा कप आईला त्यांच्या तोंडाशी धरावा लागला.

त्यानंतरचे दिवस तिने मोजणीतच काढले. एकोणतीस. तिसऱ्या दिवशी चोवीस. सहाव्या दिवशी एकोणीस. आठव्या दिवशी पंधरा, आणि त्या पंधरांतल्या एकावरही थेंब नाही, नुसते हिरवे ठिपके. जिवंत आहेत की नुसती वाळायची राहिली आहेत, हे भिंगालाही कळत नव्हतं. रोज संध्याकाळी बाबा खिडकीत आता दोन पेले ठेवत, एक नळाचा, एक ट्रेमधल्या पाण्याचा. सकाळी ती दोन्हींत मीटर धरायची. सहा. सात. सहा. दोघं एकमेकांना आकडा सांगत. दुसरं काही बोलत नव्हते. माफी मागायची म्हणून ती दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही वेळा आकडा सांगून परत आली.

अकराव्या दिवशी अजून दोन गेली. तेरा.

तीन महिने भरले तेव्हा मॅडम आल्या. चहा नको म्हणाल्या, थेट बाल्कनीत गेल्या, पर्समधून स्वतःचं भिंग काढलं. "थेंब असलेलीच मोजते," त्या म्हणाल्या. "बाकीची धरायची नाहीत."

तिने पहाटेपासून कुंडीकडे बघितलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती. आई मशीनवर बसली होती, पण मशीन चालू नव्हतं. बाबा स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"पाच," मॅडम म्हणाल्या. "सहा. हे... हो, सात. आठ." भिंग सरकलं. "हे नाही. हेही नाही." बराच वेळ गेला. "नऊ."

 मॅडमनी कुंडी ट्रेमध्येच जरा फिरवली, म्हणजे उजेड दुसऱ्या बाजूने आला.

"दहा," त्या म्हणाल्या. "आणि कडेला एक लपलंय बघ. अकरा. याने तर चिलटाचा पाय धरून ठेवलाय!"

आईने मशीनवर डोकं टेकलं.

मॅडमनी वही मागितली. नोंदवही रोपांबरोबर जाते, हा उद्यानाचा नियम. आणि वहीत खाडाखोड करायची तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हाही नियमच. त्या पानाशी त्या थांबल्या. "ट्रेमध्ये नळाचं पाणी मिसळलं – बाबा," त्यांनी वाचलं. त्यावर एक सरळ रेघ होती, शेवटी तिची सही. खाली चार पेल्यांचे चार आकडे होते, आणि त्याखाली : चूक माझी. वाळू पीटबरोबर मुरवून तपासली नाही. शोध आणि पुनर्लागवड – बाबा.

"पेल्यांची कल्पना तुमची?" मॅडमनी दाराकडे बघून विचारलं.

"कल्पना कसली," बाबा म्हणाले. "नमुना ठेवतोच आम्ही."

मॅडमनी अकरांपैकी सात आपल्या डब्यात घेतली, मातीसकट, चमच्याने. चार ठेवली. "सगळी एका छपराखाली ठेवायची चूक आम्ही एकदा केलीय," त्या म्हणाल्या. वही मात्र सगळीच नेणार होत्या.

"मॅडम, एक मिनिट." ती बाबांकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडे सांगायला आकडा नव्हता. "बाबा, ती ओळ वहीबरोबर जाणार. रेघ मारलीय, पण वाचता येते. मी... हवं तर मी ते पान नव्याने लिहून देते. मॅडमना विचारते."

बाबांनी मॅडमच्या हातातली वही घेतली, हात लांब करून ते पान वाचलं, वरची ओळही आणि खालच्याही. मग वही मिटून परत दिली.

"जाऊ दे तशीच," ते म्हणाले. "वाईट आलेला नमुनाही आम्ही कधी ओतून दिला नाही."

मॅडम गेल्यावर ते बाल्कनीत गेले, काचेवरच्या कागदासमोर उभे राहिले, आणि ट्रेकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी उतरलंय याचं. घालतेस, की घालू?"

तिने बाटली त्यांच्या हातात दिली.