लिंबाचा डाग पडलेला चाकू

घराबाहेर पडताना लोक किल्ली चाचपतात, चष्मा चाचपतात. रेडीचा गणपत चाकू चाचपायचा. सकाळचा चहा झाला की तो कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायचा, फडक्यात गुंडाळलेले एकवीस चाकू खाटेवर ओळीने मांडायचा आणि आज कोणाची पाळी ते ठरवायचा. सगळे मिटायचे, खिशात मावणारे. एकाची मूठ सावंतवाडीच्या चिताऱ्याने लाखेने रंगवलेली, एकाची म्हशीच्या शिंगाची, एक आजोबांच्या वेळी गोव्याहून आलेला. बाकीचे बोटींवरचे. गणपत तीस वर्षं रेडी बंदरात बार्जवर होता. खनिज न्यायला आलेल्या परदेशी बोटी बाहेर नांगरून असायच्या, आणि त्यांच्या खलाशांना शहाळी नि फणसाची साटं, म्हणजे फणसपोळी, देऊन गणपत बदल्यात चाकू मागायचा. बाकीचे लोक घड्याळं मागत, सिगारेटी मागत. रामपुरी मात्र त्याने कधी घरात आणला नाही. "तो चाकू न्हय, ती धमकी," म्हणायचा.

त्याची बायको नर्मदा कपाळावर हात मारून घ्यायची. "बायलांका साड्यो पुरनत नाय, माज्या घोवाक सुऱ्यो पुरनत नाय!" नर्मदा जाऊन आता सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

खरं सांगायचं तर ती नुसती हौस नव्हती. खिशात चाकू असला की माणसाला कोणीतरी हाक मारतं. जाळ्याचा दोरा तोडायचाय, बाजारात आंब्याची फोड चाखायचीय, देवळात केळीचं पान कापायचंय, की हाक यायचीच, "गणपत, चाकू आसा?" मग गणपत ऐटीत चाकू काढायचा, उघडायचा आणि जवळच्या दगडावर ठेवायचा. मागणाऱ्याने तो तिथून उचलायचा. मीठ, मिरची आणि सुरी हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, हे रेडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गणपत तर याबाबतीत फार काटेकोर होता, आणि त्याला तसं कारणही होतं.

हल्ली मात्र कोणी हाक मारत नव्हतं. सगळ्या पुड्यांना आता फाडायची खाच असते. गेल्या उन्हाळ्यात एसटी स्टँडवर एक पाहुणी मुलगी शहाळ्यातली मलई काढायला धडपडत होती, म्हणून गणपतने आपण होऊन खिशातून चाकू काढून उघडला. तर तिच्या आईने तिला दंडाला धरून मागे ओढली आणि दोघी लगबगीने गाडीत जाऊन बसल्या. शहाळं तिथेच राहिलं. गणपतने चाकू मिटला आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कोणीच पाहत नव्हतं. त्याचंच त्याला जास्त लागलं.

सोबत म्हणायची तर गडग्यापलीकडची. दगडी कुंपणाच्या, म्हणजे गडग्याच्या, पलीकडे त्याच्या थोरल्या भावाचं, शंकरचं घर. पहाटे शंकरची कळशी विहिरीच्या काठाला आपटायची, सातला रेडिओ लागायचा, दुपारी झोपेतून उठला की तो पाच-सात वेळा खोकायचा. गणपतचं घड्याळ तेच. दोन वर्षांपूर्वी शंकरची बायको मथुरा नातवाला सांभाळायला मुंबईला मुलाकडे गेली, तेव्हापासून गडग्याच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा आणि एकेक चूल. तरी दोघांत शब्द नव्हता. नऊ वर्षं अबोला.

कारण ऐकाल तर हसाल. शंकरचा मुलगा सुशांत, त्याचं लग्न होतं. हळद लागली की नवऱ्याच्या हातात लोखंड हवं, टोकाला लिंबू खोचून. गणपतने पुतण्यासाठी आपल्या डब्यातला सर्वांत लाडका चाकू काढला, एका जपानी खलाशाने दिलेला, पितळी मुठीचा. पण मांडवात घाई, गर्दी, भटजींची ओरड. शंकरने हात पुढे केला आणि गणपतने चाकू सरळ त्याच्या हातात ठेवला. मथुरावहिनीने पाहिलं आणि तोंडावर हात नेला. "हातात दिलंत? आता काय खरा नाय."

चाकू चार दिवसांनी परत आला. टोकाला तेच लिंबू, सुकून काळं पडलेलं, आणि पात्यावर रुपयाएवढा काळा डाग. जपानी पोलाद फार नाजूक, आंबट त्याला सोसत नाही. गणपतचं डोकं फिरलं. व्याही-विहिणींच्या देखत तो भावाला नाही नाही ते बोलला. शंकरने विचारलं, "तुका भावापेक्षा चाकू मोठो?" आणि रागाच्या भरात गणपतच्या तोंडून निघून गेलं, "होय, मोठो!"

झालं. तेव्हापासून शंकर गडग्याच्या अलीकडे फक्त एकदा आला, नर्मदा गेली तेव्हा. तिरडीला खांदा दिला, विहिरीवर अंघोळ केली आणि न बोलता गेला. त्या दिवशी तो एक शब्द जरी बोलला असता तरी गणपत त्याच्या गळ्यात पडून रडला असता. पण पहिला शब्द कोणी काढायचा? रेडकरांची हाडं ती, मोडतील पण वाकायची नाहीत. डाग गणपतने कधी घासला नाही. तो चाकू त्याने डब्याच्या तळाशी ठेवला, आणि त्याची पाळी कधी आली नाही.

आणि आता शंकर चालला होता. त्याचा गुडघा पार गेला होता, विहिरीची कळशी झेपत नव्हती. सुशांत टेम्पो घेऊन आला आणि अंगणात कोणाशीतरी बोलताना गणपतने ऐकलं, "बाबांना कायमचंच नेतोय. घराला कुलूप." गणपत ओटीवर तांदूळ निवडत होता. त्यानंतर किती वेळ तो तेच तेच दाणे सारत बसला, त्याला कळलं नाही. शंकर असा न बोलता गेला तर संपलंच. मग सत्तरीतला हा माणूस भिंतींशी बोलायला मोकळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डबा उघडला आणि वरचे वीस चाकू बाजूला सारले. तळाचा काढला, फडक्याने पुसला, खिशात टाकला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पलीकडे सामान भरणं चालू होतं. ट्रंक, उकड्या तांदळाच्या गोणी, नारळ, कोकमाची बरणी. शंकर एके काळचा तांडेल, होडीवरचा मुख्य खलाशी, त्यामुळे गाठी त्याच्याशिवाय कोणी मारायच्या नाहीत. दुखरा पाय लांब करून तो ट्रंकेवर बसला होता, एका हाताने दोरी ताणून धरलेली. जास्तीची दोरी कापायची होती, आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या केव्हाच गोणीत गेल्या होत्या. सुशांतने इकडेतिकडे पाहिलं आणि गडग्यावरून हाक मारली.

"काका, चाकू आसा?"

गणपत दोन-तीन वर्षं ज्या हाकेची वाट पाहत होता, ती ही अशी आली. तो उठला, गडग्याच्या खिंडीतून नऊ वर्षांनी पलीकडे गेला आणि भावासमोर उभा राहिला. चाकू उघडला. पात्यावरचा काळा डाग उन्हात स्वच्छ दिसत होता. शंकरनेही तो पाहिला आणि मान खाली घातली.

बाजूलाच एक चिरा होता. गणपत सवयीने वाकला आणि मध्येच थांबला. चाकू चिऱ्यावर ठेवायचा, शंकर उचलेल, दोरी कापेल, परत चिऱ्यावर ठेवेल आणि टेम्पोत बसेल. सगळं रीतीप्रमाणे होईल, आणि एक अक्षर न बोलता भाऊ निघून जाईल. गणपत सरळ उभा राहिला. पातं आपल्याकडे वळवून त्याने मूठ शंकरच्या हातापुढे धरली.

शंकर दचकला. "थंय चिऱ्यार ठेय," तो म्हणाला. "हातात दिल्यार भांडाण जाता. ठावक नाय तुका?"

"ठावक आसा," गणपत म्हणाला. त्याने हात मागे घेतला नाही. "म्हणानच देतंय, दादा. जाऊंदे भांडाण. ह्या अबोल्यापेक्षा बरा. भांडूक तरी फोन करशीत."

सुशांत टेम्पोचं चाक तपासायला पलीकडे गेला. शंकर भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने मोकळा हात पुढे केला आणि चाकू घेतला. चाकू घ्यायला लागतो त्यापेक्षा त्याची बोटं गणपतच्या हातावर जरा जास्तच वेळ राहिली. त्याने एका झटक्यात दोरी कापली, चाकू मिटला, आणि परत करायच्या ऐवजी सदऱ्याच्या खिशात टाकला. टेम्पो बंदराच्या रस्त्याला लागेपर्यंत गणपत खिंडीत उभा होता.

मग दिवस काही केल्या जाईना. बाराला त्याने भात टाकला आणि अर्धा तसाच ठेवला. दुपारी तो ओटीवर बसून राहिला, आणि खोकल्याची वेळ झाली तेव्हा खोकला आला नाही. पलीकडच्या कुलपावर ऊन पडलं होतं. खिशाकडे हात गेला तर खिसाही रिकामा. मी किती खुळा, त्याला वाटलं. भाऊ तर गेलाच, वर चाकूही घालवून बसलो.

पाच वाजता फोन वाजला. नंबर सुशांतचा, पण आवाज त्याचा नव्हता.

"गणप्या! हयसर चाय पिऊक थांबलंव. पेरू कापलंय तर काळो जालो! नऊ वर्सां डाग तसोच ठेवलंस? घासूक हात मोडले होते?"

गणपत ताडकन उठून उभा राहिला.

"डाग तू पाडलंस आणि घासतलो मी? वा रे वा!"

"मी खंय पाडलंय? नवऱ्याच्या हातातलो चाकू हळद उतरासर काढतत काय?"

"लिंबू तरी काढूक येय होता! चार दीस तसोच!"

"आणि धार? ही काय धार? हेच्यापेक्षा माजो दात बरो!"

"तुका दात आसत खंय!"

गणपत ओरडत ओरडत अंगणात आला होता. समोरची सुगंधा हातातलं सूप तसंच घेऊन धावत बाहेर आली. या घरातून इतका मोठा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"काय जाला, गणपतकाका? कोणावांगडा भांडतास?"

गणपतने फोन छातीशी धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

"माज्या भावावांगडा," तो म्हणाला, आणि फोन परत कानाला लावला. "हां, बोल. काय म्हणी होतंस?"