बोरूच्या बेटात हरवलेली बंदूक

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. १९८८ साली माझ्या अंगावर रंग चढला आणि त्याच साली मी हरवले.

मित्रांनो, लुइझियानाच्या दक्षिणेला, जिथे जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, तिथल्या लँड्रनो घरातली मी. थेओफिल लँड्रनो यांनी मला तरुणपणी विकत घेतलं. चाळीस हिवाळे त्यांनी मला खांद्याला लावून बदकं पाडली. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता. शिकारीहून आले की ते त्याला जवसाचं तेल चोळत. चोळून चोळून त्यांच्या अंगठ्याच्या जागी लाकडाला लहानसा खळगा पडला होता.

शेवटच्या आजारात त्यांनी दोन्ही मुलांना खाटेजवळ बोलावलं. म्हणाले, "बंदूक एक आणि तुम्ही दोघं. शनिवार आमेदेचा, रविवार वेल्टनचा. भांडणार असाल तर आत्ताच खाडीत टाकून या."

तीन वर्षं कोणी भांडलं नाही. मग पानाफांद्यांचे छाप असलेले कपडे घालून शिकारीला जायची चाल आली. पाठोपाठ लोक बंदुकाही तशाच रंगवू लागले. माझ्या नळ्या उन्हात चमकतात आणि बदकं वरच्या वर वळतात, असं आमेदेच्या मनाने घेतलं. एका सोमवारी तो मला घेऊन मिस इनेजकडे गेला. ही बाई होड्यांवर नावं रंगवी आणि शिकारीसाठी लाकडाची बदकं रंगवून देई. तिची बदकं पाण्यावर सोडली की खरी बदकं फसत.

आमेदेने दुकानातून आणलेला छापील नमुना तिच्यापुढे धरला. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"ही ओकच्या झाडाची पानं ना? आमेदे, तुझ्या दलदलीत ओक कधीपासून पोहायला लागले रे?"

"मग नुसता हिरवा द्या."

"बदकं कधी येतात?"

"नोव्हेंबरात."

"आणि तेव्हा दलदलीतला बोरू कसा असतो? वाळलेला, पिवळा. हिरवी बंदूक घेऊन बसलास तर बदकं हसतील तुला. जा, तू जिथे बसतोस तिथलीच पानं कापून आण. दुसरीकडची चालायची नाहीत मला."

त्याने भारा भरून बोरूची पानं आणली. मिस इनेजने माझ्या नळ्यांत कागदाचे बोळे घातले, चापांवर चिकटपट्टी लावली, सगळं तेल पुसून काढलं आणि दस्ता पॉलिश पेपरने घासला. आधी वाळक्या गवताचा रंग दिला. मग एकेक खरं पान माझ्या अंगावर दाबून धरायचं, वरून तपकिरी फवारा मारायचा आणि पान अलगद उचलायचं. पानाखालची जागा पिवळीच राही. तो थर वाळला की दुसरी पानं आडवीतिडवी लावून करडा फवारा. शेवटी चमक घालवणारा लेप. चार दिवसांनी तिने मला मागच्या दारी बोरूत उभं केलं आणि आमेदेला म्हणाली, "शोध." त्याला चटकन सापडेना. ती पोट धरून हसली. खोटं कशाला सांगू, मलाही त्या वेळी फार ऐट वाटली.

रविवारी वेल्टन मला न्यायला आला आणि दारातच थबकला.

"हे काय केलंस?"

"छान दिसते की नाही?"

"बाबांचा अंगठा बुजवलास, आमेदे. विचारलंस तरी का मला?"

"अरे, रंगच आहे! उद्या नको झाला तर काढता येईल."

"मग मीच काढीन एक दिवस," वेल्टन म्हणाला. रागाच्या भरात बोललेलं हे एक वाक्य त्याला पुढे फार महाग पडलं.

त्यानंतरच्या शनिवारी दोघे भाऊ शिकारीहून परतले. होडी धक्क्यावर ओढायची होती. आमेदेने माझ्यातली काडतुसं काढली आणि हात मोकळे हवेत म्हणून मला बाजूच्या बोरूच्या बेटात टेकवून ठेवलं. होडी ओढली. वेल्टन कुत्र्याला घेऊन पुढे गेला. आमेदे बदकं उचलून कॉफी प्यायला गेला. अर्ध्या तासाने तो धावत परत आला, पण मला नेमकं कुठल्या बेटात टेकवलं ते त्याला आठवेना. मी तिथेच होते, त्याच्यापासून सात-आठ पावलांवर. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा त्याची नजर माझ्यावरून घसरली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गर्दी होती.

"नेलीस ना?" आमेदे म्हणाला. "रंग खरवडायला?"

"नेली असती तर सांगून नेली असती. तुझ्यासारखं न विचारता नसतं केलं."

"मग ती काय उडून गेली?"

"कोणाला दिसू नये म्हणून तर रंगवलीस. आता तुलाही दिसेना, तर मी काय करू?"

लोक हसले. आमेदेचा चेहरा लाल झाला. "चोर!" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "बापाच्या वस्तूचा चोर!"

हसणं थांबलं. त्यांची म्हातारी आई तिथेच उभी होती. तिने वेल्टनला बाजूला, अगदी माझ्याजवळ आणलं आणि हळूच म्हणाली, "घेतली असलीस तर देऊन टाक, बाळा. मी काही बोलणार नाही तुला."

वेल्टनने आईकडे पाहिलं. मग तो तसाच कपड्यांसकट बोरूत उतरला.

नंतर तीन दिवस तो एकटा मला शोधत होता. गुडघाभर चिखलात उतरून एकेक बेट हातांनी चाळत होता. "सापड गं बाई," म्हणायचा, "एकदा सापड." तिसऱ्या दिवशी त्याची बाही माझ्या शेजारच्या पानांना घासून गेली. मला हाक मारता आली नाही. पुढच्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन टेक्सासला, बोमाँटला, तेलाच्या कारखान्यात कामाला गेला.

वाऱ्याने मी आडवी झाले. नळ्यांना गंज चढला. नवे कोंब फुटावेत म्हणून आमच्याकडे दलदल पेटवतात, पण धक्क्याजवळ कोणी पेटवत नसे. १९९७ च्या हिवाळ्यात मात्र वारा फिरला आणि आग आमच्या बेटावरून क्षणात निघून गेली. मी ओल्या चिखलात रुतले होते म्हणून वाचले. आजूबाजूचं सगळं काळं पडलं आणि मी तेवढी पिवळी उरले.

आमेदेनेच मला पाहिलं. त्याने मला राखेतून उपसून काढलं. मग त्याने आधी मागे वळून बघितलं, कोणी पाहत नाही ना. घरी नेऊन त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात मला गुंडाळलं आणि कपाटावर, गोधड्यांच्या मागे ठेवलं. टेलिफोन समोरच्याच भिंतीवर होता.

नाताळात त्याची मुलगी कोरीन विचारायची, "वेल्टनकाकांना फोन लावू, बाबा?"

"काय बोलायचं त्याच्याशी?" तो म्हणायचा.

१९९९ मध्ये वेल्टन हृदयविकाराने गेला. आमेदे अंत्यविधीला जाऊन आला, कपड्यांसकट पलंगावर बसला आणि कपाटावरच्या गोधड्यांकडे बघत राहिला. मला खाली काढलं नाही.

दोघांची आई १९९३ मध्येच गेली होती, धाकटा वेल्टन चोर आहे असं समजून. मिस इनेज म्हातारपणी नातीकडे राहायला गेली. तिच्या त्या कामाचं काय झालं, हे तिला कोणी कळवलं नाही. आमेदे २००८ मध्ये गेला. कपाट आवरताना मी कोरीनच्या हाती लागले. ती मला तशीच गाडीत घालून बोमाँटला, वेल्टनच्या बायकोकडे, लर्लीनकडे घेऊन गेली.

लर्लीनने कागद उलगडला. मला हातही लावला नाही. कागदावरची तारीख तेवढी वाचली.

"म्हणजे हा जिवंत असताना दोन वर्षं ती सापडलेली होती," ती म्हणाली. "दोन वर्षं हा इथे फोन वाजला की उठायचा." मग थोड्या वेळाने, "गंबोचा रस्सा गरम आहे, पोरी. जेवून जा. पण ती बाहेर ठेव."

तेव्हापासून मी तिच्या पडवीत मासे धरायच्या काठ्यांशेजारी आहे. कोरीन वर्षातून एकदा येते, काकूजवळ बसते आणि जाते.

मित्रांनो, मला तेल लावा, माझा गंज काढा, असं काही मी सांगणार नाही. हरवलेली वस्तू सापडली, तर ज्याला चोर म्हटलं त्याच्याकडे त्याच दिवशी जा. चार लोकांत म्हटलं असेल, तर चार लोकांतच उभं राहून सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. आमेदेला तेवढंच जमलं नाही, आणि फोनची वाट बघणारा माणूस सत्तर मैलांवर होता.